जुनी जीप : आधी ब्रेक, मग ताकद
(शेतकी विभागाकडून सभासदांसाठी)



आडसाली लागणी जुलै-ऑगस्टात, म्हणजे ऐन पावसात येतात. काळ्या रानातल्या पाणंदी तेव्हा चिखलाने भरलेल्या असतात आणि नेमके त्याच दिवसांत बेणे मळ्यातून शेतावर पोचवायचे असते. बेणे तोडल्यापासून २४ तासांच्या आत लागण व्हावी, असे आम्ही दर वर्षी सांगतो. उशीर झाला की डोळे सुकतात आणि उगवण विरळ होते. एकरी दोन डोळ्यांची १० हजार टिपरी धरली तर अडीच ते तीन टन बेणे लागते. त्या आठवड्यात गावातले ट्रॅक्टर चिखलणीला किंवा सरी सोडायला गेलेले असतात. मग पुष्कळ सभासद घरची जुनी चार चाकी ओढीची जीप बाहेर काढतात, तिला एक छोटा ट्रेलर जोडतात आणि कामाला लागतात.

कल्पना चांगलीच आहे. चिखलात ही गाडी खरोखर उपयोगी पडते. पण गट ऑफिसात आमच्याकडे येणारा प्रश्न बहुधा एकच असतो. "साहेब, जीप आता ओढ खात नाही. मोठे इंजिन टाकू का?" या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे म्हणून हा लेख. उत्तर थोडक्यात असे : दहांतल्या बहुतेक गाड्यांना इंजिन नको असते, दुरुस्ती हवी असते. आणि खर्च करायचाच असेल, तर पहिला पैसा ब्रेकवर घाला. ट्रेलर ओढता आला नाही तर बेणे एक दिवस उशिरा पोचेल. तो थांबवता आला नाही तर माणूस जाईल.

गाडी मुळात काय आहे

ही जीप अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या लष्करी गाडीवरून आलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढे ती येथेच बनू लागली. आपल्या भागात ज्या जुन्या गाड्या अजून चालतात त्यांत काही २.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाच्या आहेत. पुष्कळशा १९८० च्या दशकात आलेल्या सुमारे २.१ लिटरच्या प्यूजो डिझेल इंजिनाच्या आहेत.

येथे एक गैरसमज काढून टाकू. पेट्रोल काढून डिझेल बसवले म्हणजे ताकद वाढते, असे पुष्कळांना वाटते. ते जुने पेट्रोल इंजिन सत्तरच्या वर अश्वशक्तीचे होते आणि हे डिझेल बासष्टचे. डिझेल बसवून इंधनाचा खर्च वाचतो, हे खरे. ताकद वाढत नाही.

या गाडीचे खरे बळ इंजिनात नाहीच. ते गिअरबॉक्सच्या मागे असलेल्या ट्रान्स्फर केसमध्ये आहे. लो रेंजमध्ये टाकले की चाकाशी मिळणारा जोर सुमारे अडीचपट होतो आणि वेग तितकाच उतरतो. पुढचा आस जोडला की गाडीचे सगळे वजन पकडीच्या कामी येते. दोन चाकांच्या ओढीत फक्त मागच्या आसावरचे वजन कामाला येते, पुढचे वाया जाते. म्हणून चिखलात चाक जागेवर फिरत असेल तर मोठे इंजिन काय करणार? ते चाक जास्त जोराने फिरवील आणि गाडी लवकर बसवील, इतकेच.

ओढ का खात नाही : दोष शोधण्याचा क्रम

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला" असे होऊ नये म्हणून दोष क्रमाने शोधावा. स्वस्त आणि सोपे आधी, महाग शेवटी.

पहिले, चाक मोकळे फिरते का ते पाहा. दोन-तीन किलोमीटर चालवून थांबा आणि चारही ड्रमजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, भाजेल. एखादा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर तेथे ब्रेक चिकटून राहतो आहे. बू गंजलेली असते, व्हील सिलिंडरचा पिस्टन अडकलेला असतो किंवा रबरी ब्रेक पाइप आतून फुगून बंद झालेला असतो. बाहेरून तो पाइप चांगला दिसतो, त्यामुळे मिस्त्रीही फसतो. अशी गाडी दिवसभर स्वतःच्याच ब्रेकशी झगडते आणि आपण इंजिनाला दोष देतो.

दुसरे, क्लच. सपाट मोकळ्या जागेत, पुढे-मागे कोणी नाही असे पाहून, हँडब्रेक पक्का ओढा. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सावकाश सोडा. इंजिन दबून बंद पडले तर क्लच ठीक. ते तसेच घुर्र करीत चालू राहिले तर क्लच घसरतो आहे. ही तपासणी एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केली तर प्लेट जळते. क्लचच्या पायाला वरती साधारण इंचभर मोकळा खेळ असावा. खेळ नसेल तर चांगली प्लेटही घसरते. नवी प्लेट टाकण्यापूर्वी इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल तर येत नाही ना, तेही पाहून घ्यावे. नाहीतर नवी प्लेट चार महिन्यांत तेलाने माखेल.

तिसरे, हवा आणि इंधन. डिझेल गाडीचा धूर बोलतो, तो ऐकावा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पाणंदीतल्या धुळीने आणि पाचटाच्या भुश्याने एअर क्लीनर बुजलेला असतो. तेलाचा एअर क्लीनर असेल तर त्यातले तेल गाळ झालेले असते. तो उतरवून धुवावा आणि खुणेपर्यंत नवे तेल भरावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर सकाळी थंड इंजिनाला थोडा येतोच, पण गरम झाल्यावरही येत राहिला तर इंजेक्टर, टायमिंग किंवा आत शिरणारे पाणी तपासावे लागेल. आणि धूर नाही, आवाज नाही, नुसताच जोर नाही, असे असेल तर डिझेल फिल्टर बदला, तळाचे पाणी सोडा आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपाचे जोड घट्ट करा. त्या जोडांतून डिझेल गळत नसले तरी हवा आत ओढली जाते.

आणखी एक साधी गोष्ट. एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. केबल ढिली झाली असेल तर तो तीन-चतुर्थांशावरच थांबतो. पाच मिनिटांचे काम आहे.

हे सगळे ठीक असूनही जोर नसेल, तरच कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि इंजिन खोलण्याची भाषा करावी.

गाडी तापते

ट्रेलर जोडून सावकाश चालताना वारा कमी लागतो आणि इंजिनावर भार जास्त असतो, म्हणून गाडी तापते. रेडिएटरच्या जाळीत पाचट, कुसळे आणि चिखल बसलेला असतो. इंजिनाकडून पुढच्या बाजूला पाणी मारून ती धुवावी. समोरून जोराचे पाणी मारले तर घाण आणखी आत जाते. बोअरचे जड पाणी घातल्याने आतून थर धरतो, म्हणून मऊ पाणी आणि कूलंट वापरावे. फॅनचा पट्टा, फॅनभोवतीचा पत्रा आणि रेडिएटरची टोपी पाहावी. टोपी दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे खोड आहे. ती सोडावी. तो अडकला असेल तर बदलावा. त्याच्याशिवाय इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते.

चार चाकांची ओढ : वापर आणि बिघाड

या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये फरक सांभाळणारी यंत्रणा नाही. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर चालतात. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक निघून जातो. डांबरी रस्त्यावर तो निघत नाही, सगळ्या साखळीत पीळ बसतो आणि मग लिव्हर निघत नाही. लिव्हरला हातोडा मारू नये. गाडी थोडी मागे घेतली की पीळ सुटतो. नियम सोपा आहे. चिखल, वाळू, ओला उतार असेल तर चार चाके. डांबर आले की दोन.

चारही टायर एकाच मापाचे, एकसारखे झिजलेले आणि नेमून दिलेल्या हवेचे हवेत. पुढे जुने गुळगुळीत आणि मागे नवे मोठे टायर घातले की गाडी सरळ रस्त्यावरही स्वतःला पिळत राहते. मोठे टायर घातले की गाडी रुबाबदार दिसते, पण ओढ कमी होते आणि ब्रेकवरचा ताणही वाढतो.

मूळ रचनेत पुढचा आस जोडल्याशिवाय लो रेंज पडत नाही. काही मिस्त्री ही अडवणूक काढून देतात आणि "आता दोन चाकांतही लो चालेल" म्हणतात. तसे करून घेऊ नका. अडीचपट झालेला सगळा जोर मग एकट्या मागच्या आसावर येतो आणि भरल्या ट्रेलरसह चढावर शाफ्ट तुटतो.

आवाजांवरून पुष्कळ कळते. गाडी उचलताना 'टक्' असा एकच आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून चार चाकांत चालताना 'कट-कट' आली तर पुढच्या आसाचे जॉइंट पाहावेत. लो मधून लिव्हर आपोआप उडत असेल तर ते काम पुढे ढकलू नका, उतारावर लिव्हर उडाला तर इंजिनाची पकडच सुटते. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही आसांचे तेल वेगवेगळे तपासा. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर ओढ्यातले पाणी आत गेले आहे. ते तेल त्याच आठवड्यात बदलावे.

स्टिअरिंग थरथरत असेल तर किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडचे शेंडे आणि पाट्यांचे बुश तपासावेत. नुसते चाकाचे बॅलन्सिंग करून ते जात नाही.

सर्वांत महत्त्वाचे : थांबणे

आता मूळ मुद्दा. जीप साधारण सव्वा टनाची. तिला तितक्याच वजनाचा विनाब्रेकचा ट्रेलर जोडला, तर जीपच्या ब्रेकना दुप्पट वजन थांबवावे लागते. थांबायला लागणारे अंतर जवळजवळ दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ते चौपट होते. दहास एक असा उतार असेल तर दर टनामागे सुमारे १०० किलोचा रेटा मागून सतत येत असतो. वळणावर हाच रेटा जीपचा मागचा भाग बाजूला ढकलतो.

म्हणून आमचा सभासदांना आग्रहाचा सल्ला असा : विनाब्रेकचा ट्रेलर, त्याचे स्वतःचे वजन धरून, जीपच्या वजनाच्या निम्म्याच्या वर भरू नये. रिकामा ट्रेलर २५०-३०० किलोचा धरला तर बेणे साडेतीनशे किलोच्या आसपास बसते, म्हणजे एकराला सात-आठ खेपा होतात. "इतक्या खेपा कोण करणार?" असे सभासद विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भार वाढवणे हे नाही, ट्रेलरला ब्रेक बसवणे हे आहे. दांड्यात सरकता भाग असतो. ट्रेलर पुढे रेटला की तो भाग आत दबतो आणि सळईने ट्रेलरचे ब्रेक लागतात. गाडी मागे घेताना तो अडकवून ठेवायची खीळ असते. असा ट्रेलर जीपच्या वजनाइतका भरता येतो आणि तीन-चार खेपांत एकराचे बेणे पोचते. गाडीच्या पुस्तकात ओढीची मर्यादा याहून कमी दिली असेल तर तीच पाळावी.

जीपच्या ब्रेकमध्ये करण्याजोग्या सुधारणा तीन. एक, सगळे रबरी पाइप आणि व्हील सिलिंडरची रबरे नवी करून ब्रेक ऑइल पूर्ण बदलणे. दोन, जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्याजागी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घ्यावा. तीन, व्हॅक्यूम बूस्टर. पेट्रोल इंजिनातून त्याला लागणारी पोकळी मिळते. डिझेलमध्ये ती मिळत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंपासहित अल्टरनेटर लागतो. पंपाशिवाय नुसता बूस्टर बसवून कोणी पैसे घेत असेल तर ते व्यर्थ आहेत.

हँडब्रेकची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जुन्या जीपमध्ये तो चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट किंवा आसाचा तुकडा तुटला तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सुटते. म्हणून भरला ट्रेलर उतारावर उभा केला की जीपच्या आणि ट्रेलरच्याही चाकाला दगड लावल्याशिवाय गाडीखालून उतरणारा-चढणारा माणूस मागे जाऊ देऊ नये.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणे हा आत्मघात आहे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन बंद केले तर बूस्टरचे बळही संपते. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी असते, तेव्हा शंभर पावले ब्रेक हलका दाबून चालवावे म्हणजे ते सुकतात.

हुक, साखळी आणि चौकट

हुक बंपरला जोडू नये. तो चौकटीच्या मागच्या आडव्या पट्टीला, आतून जाड पट्टी देऊन, मोठ्या बोल्टांनी बसवावा. भोकांच्या कडेला बारीक चिरा दिसतात का, ते दर हंगामाला पुसून पाहावे. पिनेला कायम खीळ घालावी, तार गुंडाळू नये. दोन सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावाव्यात. पिन निसटली तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांवर झेलला जातो.

एका आसाच्या ट्रेलरमध्ये मोळ्या आसाच्या किंचित पुढे जड ठेवाव्यात, म्हणजे एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येतो. मागे जड झाला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. पुढे फार जड झाला की जीपची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. बेणे पाचटासहित न्यावे, डोळे शाबूत राहतात.

दांड्यावर किंवा भरल्या ट्रेलरवर कोणालाही बसवू नये. तोडणीवाल्यांची मुले खेळत खेळत मागे लटकतात. गाडी हलवण्यापूर्वी एकदा मागे फिरून पाहायचे, हा नियम ड्रायव्हरला लावून द्यावा.

रुतलेली ट्रॉली काढताना आधी ती हलकी करा आणि चाकापुढची माती काढा. मग लो रेंजमध्ये दोर ताणून सावकाश ओढा. साखळी ढिली ठेवून हिसका मारू नये. तुटलेली साखळी किंवा दोर परत फिरतो आणि समोरच्याचा जीव घेतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये.

सुधारणा कोणत्या क्रमाने

१) जीपचे ब्रेक आणि टायर.
२) ट्रेलरचे ब्रेक, हुक, साखळ्या, मागचे दिवे आणि चमकत्या पट्ट्या.
३) रेडिएटर. गरज असेल तर जास्त ओळींचा.
४) जुना डायनॅमो असेल तर अल्टरनेटर. रात्रीच्या खेपेला दिवे मंद राहत नाहीत.
५) पाटे आणि बुश. जादा पाटे घालून जादा भार मात्र लादू नये.
६) सर्वांत शेवटी इंजिन.

इंजिन बदलायचेच असेल तर आधी आरटीओ कार्यालयात जावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. कागद नीट नसले तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येते आणि भरपाई शेतकऱ्याच्या खिशातून, प्रसंगी जमिनीतून जाते.

लागणीपूर्वी ड्रायव्हरने पाहायचे

ब्रेकचा पाय दाबून मिनिटभर धरावा. तो हळूहळू खाली गेला तर गाडी काढू नये. तेल, पाणी, ब्रेक ऑइल. चारही टायरची हवा आणि ट्रेलरच्या टायरची हवा. चाकांचे नट. पिन, खीळ, साखळ्या. दिवे. ग्रीसचे सगळे निपल, चिखलात काम असेल तर रोज. आणि गाडीत दोन चांगले दगड किंवा लाकडी ठोकळे.

या सगळ्याला सकाळची वीस मिनिटे लागतात. नव्या इंजिनाचा विचार करणाऱ्या सभासदाने आधी ब्रेकचे आणि ट्रेलरचे काम उरकावे, फिल्टर-क्लच पाहावा आणि मग एक खेप भरून चढावर नेऊन पाहावी. बहुतेकांना इंजिनाचे पैसे वाचलेले दिसतील. ते पैसे निरोगी बेणे आणि ठिबकच्या दुरुस्तीला घालावेत. उसाचा उतारा त्याने वाढतो.

— ऊस विकास अधिकारी